चौथ्याची हजेरी

आधीच सांगून टाकतो, मी तो आवाज दोनदाच काढला. दोनदा म्हणजे दोनदाच. कंडक्टर लोकांना काहीही सांगत सुटलाय, सुटू दे. तो माझा फोन उचलत नाही, त्यामुळे त्याच्या तोंडावर सांगायची सोय उरलेली नाही.

आम्ही चौघं अकरावीपासूनचे. कंडक्टर हा खरोखरचा कंडक्टर. पंचवीस वर्षं बसमध्ये काढली, आता डेपोत खुर्चीवर बसून बाकीच्यांच्या ड्यूट्या लावतो. चार माणसं एकत्र दिसली की मोजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. भूलवाली म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर. चौथा सावकाश. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि काचा तो अजून स्वतः घासून बसवतो. त्याला हाक मारली की आधी मान वळणार, मग भुवया वर जाणार, आणि मग कुठे ओ येणार. तेवढ्या वेळात माझं दोनदा चिडून होतं.

आणि मी कार्टूनला आवाज देतो. एका चिडक्या बदकाला अठरा वर्षं माझा आवाज आहे. त्यासाठी तुम्हाला वेगळं काही करावं लागत नसेल, असं बायको म्हणते.

हे आवाज काढायचं खूळ अकरावीतलं. वर्गात एकशे वीस मुलं, आणि हजेरी घेताना सर मान वर करायचे नाहीत. सावकाश रोज उशिरा यायचा. त्याची प्रॉक्सी मी मारायचो, त्याच्याच आवाजात. जरासा नाकातून, शेवटचं अक्षर लांबवून. वर्षभर मारली. एके दिवशी हा पठ्ठ्या चक्क वेळेवर आला आणि स्वतःच "हजर" म्हणाला. सरांनी मान वर केली. "हा त्याचा आवाज नाही. कोण प्रॉक्सी मारतंय? उभा राहा." सावकाश उभा राहिला आणि तासभर उभाच राहिला. हा किस्सा आम्ही पस्तीस वर्षं हसून हसून सांगत आलो. त्यातल्या त्यात सावकाशच कमी हसायचा, हे मला आत्ता आठवतंय.

दर दोन वर्षांनी आम्ही पाठीवर बोजा घेऊन डोंगरात जातो. या वेळी पाच दिवसांचा बेत होता. खालच्या चौकीवर प्रत्येकाला आकडा कोरलेला पितळी बिल्ला देतात. उतरल्यावर तो परत खिळ्याला लावायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला की शोध सुरू होतो. सोपी पद्धत आहे, हिच्यात घोळ घालायला आमच्यासारखेच लागतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही वरच्या दगडी खोपीत होतो. सकाळी खोपीतला वायरलेस खरखरला आणि चौकीवरून निरोप आला, हवा फिरतेय, मिळेल त्या वेळात खाली या. भूलवालीनं बाहेर डोकावून आकाशाकडे पाहिलं आणि बॅग भरायला घेतली. अकराला आम्ही निघालो. साडेअकराला समोरचं दिसेनासं झालं.

वाट चुकायची भीती नव्हती. खोपीपासून चौकीपर्यंत खुणेचे बारा दगड आहेत, वरून खाली आकडे घातलेले. दोन दगडांमध्ये वीसेक मिनिटांची चाल. कंडक्टरनं नियम घातला, पुढे तो, त्यानं दगडाला हात लावला की मोजणी. तो ओरडणार "एक", त्याच्यामागून भूलवाली "दोन", मी "तीन", आणि शेवटी सावकाश "चार". चार ऐकू आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. भूलवाली म्हणत होती की सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. सावकाश म्हणाला, पाठीवर कुणाचा श्वास आला की माझे पाय अडखळतात, मी मागेच बरा. मग ठरलं, मागे बघत राहायचं काम माझं. हे मी कबूल केलं होतं, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दगडापर्यंत मी मागे वळून पाहिलं. पिवळा रेनकोट होता, दहा पावलांवर. त्यानंतर गारा सुरू झाल्या आणि मागे वळलं की थेट डोळ्यांत मारायला लागल्या. मी वळायचं सोडलं. म्हटलं, मी कानाचा माणूस आहे, मला बघायची गरज काय? आवाज किती लांबून येतोय, तोंड कुठल्या बाजूला आहे, बोलणारा उभा आहे की बसलाय, हे मला ऐकून कळतं. त्यावरच माझं पोट चालतं.

तिसऱ्या दगडाला "चाऽर" आलं. चौथ्याला आलं. पाचव्याला आलं. प्रत्येक वेळी आपल्या नेहमीच्या लयीत, म्हणजे आम्ही तिघं कुडकुडत ताटकळणार आणि मग महाराज ओ देणार. दहा पावलांवरून. मी शपथेवर सांगतो, दहा पावलांवरून.

सहाव्याला मला काहीतरी खटकलं. आम्ही सगळे धापा टाकत होतो. कंडक्टरचा "एक" फाटका यायचा, भूलवालीचा "दोन" अर्धा वाऱ्यात जायचा. सावकाशच्या "चार"मध्ये धाप नव्हती. चांगला टेकून बसलेल्या माणसासारखा स्वच्छ आवाज. मला तेव्हा वाटलं, वा, गड्याला दम सापडला, आणि मला त्याचा हेवा वाटला. सातवा, आठवा, नववा, सगळे तसेच. बसल्या जागेवरून बोलल्यासारखे.

दहाव्या दगडापाशी भूलवालीचे ओठ निळे पडले होते. कंडक्टरनं "एक" म्हटलं, तिनं "दोन". मला आता पुन्हा त्या सावकाशची वाट बघत उभं राहायचं नव्हतं. माझ्या बुटांत पाणी होतं, कानात ठणका लागला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा भयंकर राग आला होता. मी "तीन" म्हटलं, मान जराशी वळवली आणि त्याच श्वासात नाकातून "चाऽर" म्हणून मोकळा झालो. सवय हो. तो मागे आहेच, उगाच खोळंबा कशाला, एवढाच विचार. कंडक्टर लगेच चालायला लागला. अकराव्यालाही मी तेच केलं.

बाराव्याला चौकीचं छप्परच दिसलं, त्यामुळे कुणी मोजलं नाही. आम्ही पळत आत शिरलो. तीन बिल्ले खिळ्यांना लागले. चौथा खिळा रिकामा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आम्ही दाराकडे बघत राहिलो.

चौकीदार शांत माणूस होता. आमच्याकडे बघून त्यानं विचारलं, शेवटचं कधी ऐकलंत त्याला? कंडक्टर म्हणाला, अकराव्याला. प्रत्येक दगडाला बरोबर उत्तर दिलंय, मी स्वतः मोजलंय. चौकीदारानं आपल्या दोन माणसांना सांगितलं, म्हणजे खालच्या घळीत घसरला असणार, दोर घ्या. तेव्हा तीन वाजले होते. उजेड फार तर तीन तासांचा होता.

माझ्या हातात कुणीतरी गरम पाण्याचा पेला दिला होता. मी तो धरून उभा राहिलो. तोंड उघडलं की काय होणार हे मला दिसत होतं. आणि नाही उघडलं तर ते लोक घळीत शोधत बसणार आणि तो वर कुठेतरी. एवढं स्पष्ट होतं सगळं, तरी माझी दातखीळ बसली. त्यांनी दोर खांद्यावर घेतले, एक जण दाराबाहेर पडला, तेव्हा मी म्हणालो.

"अकराव्याला तो नव्हता. मी बोललो. दहाव्यालाही मीच."

कंडक्टरला ते समजायलाच वेळ लागला. भूलवाली माझ्या जवळ आली आणि म्हणाली, "काढून दाखव."

मी काढला. "चाऽर." चौकीदार चटकन दाराकडे बघायला लागला, कुणी आलं की काय म्हणून. भूलवालीनं डोळे मिटून घेतले.

मग शोध नवव्या दगडापासून सुरू झाला. नऊ ते बारा सगळं पालथं घातलं त्यांनी. अंधार पडल्यावर हवा इतकी बिघडली की चौकीदारानं माणसं परत बोलावली. ती रात्र कशी गेली ते मी सांगणार नाही. सकाळी ते खोपीपर्यंत चढले, सारखे त्याच्या नावानं हाका मारत. एका दगडामागे पिवळं काहीतरी फडफडताना दिसलं म्हणून तिकडे वळले. गुडघा निकामी झालेला, झोपायच्या पिशवीत गळ्यापर्यंत शिरलेला, वर रेनकोट ताणून नीट दगड ठेवलेला. सगळं सावकाश, व्यवस्थित केलेलं, म्हणून जगला. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

तो दुसऱ्या दगडापाशी होता. दुसऱ्या.

दवाखान्याच्या जिन्यात कंडक्टरनं मला भिंतीशी उभं केलं. हात लावला नाही, फक्त बोटांवर मोजलं. तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा. "नऊ वेळा प्रॉक्सी मारलीस," तो म्हणाला, "आणि कबूल दोन केल्यास. सगळ्या सांगितल्या असत्यास तर तो त्याच दुपारी सापडला असता." मग तो जिना उतरून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

मी भूलवालीला गाठलं. मी सात वेळा काही केलं नाही, हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की शेवटी माझं मलाच खोटं वाटायला लागलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, भूल देताना मी पेशंटला आकडे मोजायला लावते. काही जण पूर्ण गेल्यावरही दोन-तीन आकडे स्पष्ट म्हणतात आणि नंतर विचारलं तर त्यांना त्यातलं काही आठवत नाही. तू थंडीनं अर्धा गेला होतास. तूच बोललास आणि तुला आठवत नाही, असं असेल. तुला दोष देत नाही रे, म्हणाली. पण खोलीत जाताना तिनं दार आतून लावून घेतलं.

यावर मी आठ दिवस झोपलो नाही. माझ्या तोंडानं माझ्या नकळत सात वेळा माझ्या मित्राला जिवंत दाखवलं असेल, तर मग मी माणूस म्हणून कशाला राहायचं?

नवव्या दिवशी स्टुडिओत गेलो. आमची खोली म्हणजे मोठं कपाट, चारही भिंतींना काळा स्पंज, मध्ये माइक, समोर काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. बदकाचं काम उरकल्यावर मी त्याला म्हटलं, एक मेहेरबानी कर, मी जिना चढउतार करून येतो, मग मी म्हणेन ते रेकॉर्ड कर. तो म्हणाला, बदक मेलं का? मी पाच मजले दोनदा चढलो, आत येऊन "चाऽर" म्हटलं. पुन्हा चढलो, पुन्हा म्हटलं. असं सात वेळा. मग दोघांनी ऐकलं. प्रत्येकात धाप होती. कुठे "चा"च्या आधी, कुठे "र"च्या शेपटीला. लपवायचा जितका प्रयत्न केला तितकी जास्त. रेकॉर्डिस्ट म्हणाला, चालत्या माणसाचा श्वास झाकता येतो होय? अठरा वर्षं झाली तुम्हाला इथे.

माझा जीव भांड्यात पडला. ते सात आवाज बसलेल्या माणसाचे होते. मी चालत होतो, म्हणजे ते माझे नव्हते.

मग घरी जाताना अर्ध्या रस्त्यात मी थांबलो. बसलेला माणूस एकच होता. तो दुसऱ्या दगडापाशी होता आणि नवव्याला आम्ही त्याच्यापासून दोन-अडीच तास पुढे. आणि आवाज दहा पावलांवर.

महिन्यानं सावकाशला घरी सोडलं, तेव्हा मी भेटायला गेलो. वहिनींनी दार उघडलं. त्या माझ्यावर रागावलेल्या नव्हत्या, ते मला जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोलतं करा त्यांना. हाक मारली तर ओ देत नाहीत. आधी उशिरा द्यायचे, पण द्यायचे. आता बघत बसतात माझ्याकडे." डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे, असंही म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

तो खिडकीपाशी खुर्चीत होता. पाय स्टुलावर, मांडीवर पंचा. बाजूला त्याची काचा घासायची छोटी चकती होती, धूळ बसलेली. मी समोर बसलो आणि सगळं ओकून टाकलं. दहावा, अकरावा, चौकीतला पेला, कंडक्टरची बोटं, सगळं. माफी मागितली. रडलोसुद्धा, लाज कसली त्यात. त्यानं आपल्या पद्धतीनं आधी मान वळवली, मग भुवया उचलल्या. मग बोलला. कुजबुज होती नुसती, कागदावर कागद घासल्यासारखी.

"मला तुमची मोजणी ऐकू येत होती," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी. अगदी जवळून. म्हटलं, थांबलेत माझ्यासाठी. मी चार म्हणायचो."

"बसल्या जागेवरून?"

"गुडघा गेल्यावर उठणार कसा? म्हणायचो, आणि वाटायचं, आता येतील." मी वाट पाहिली. या खेपेला पाहिली. "मग एकदा कंडक्टरचं झालं, भूलवालीचं झालं, तुझं झालं, आणि मी तोंड उघडायच्या आत माझा आवाज येऊन गेला. पुढच्या वेळीही तसंच. म्हटलं, चला. मी आहे की त्यांच्याबरोबर. पोचलो मी. मग इथून ओरडायचं कशाला?"

मी विचारलं, आणि सकाळी? ते लोक तुझ्या नावानं हाका मारत गेले, तेव्हा?

"ऐकल्या ना. पण ते ज्याला हाका मारत होते तो खाली गेला होता."

मी त्याचा हात धरला. हात ऊब असलेला, साधा, काचेच्या बारीक चिरांचा होता. मी म्हटलं, अरे वेड्या, तो मी होतो. नुसती नक्कल होती. तू इथे आहेस, हा बघ. तो हसला, अकरावीचा किस्सा निघाला की हसायचा तेवढंच. "सरांनी तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला.

मी तिथे बसल्या बसल्या कानाला खडा लावला. हा आवाज आयुष्यात पुन्हा काढायचा नाही. मेलो तरी नाही.

तेवढ्यात आतून वहिनींनी हाक मारली, "अहो, चहा ठेवू का?"

सावकाशनं मान वळवली. स्वयंपाकघराकडे नाही, माझ्याकडे. भुवया वर गेल्या. आणि तो थांबला, दुसऱ्या कुणाची पाळी असावी तसा.

मी मान हलवली. नाही म्हणजे नाही. मी त्याला खुणेनं सांगितलं, तू बोल. त्यानं तोंड उघडलं, त्यातून नुसता वारा आला.

"अहो, ऐकलंत का?" आतला आवाज जरा चढला. भांड्याचा खडखडाट थांबला. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत बसलो. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं "अहो" म्हटलं, आणि त्यात एवढी भीती होती की अठरा वर्षांत एकाही माइकवर मी तशी ऐकली नाही.

"दे ना रे," सावकाश कुजबुजला. "तुझ्याकडेच आहे."

मी डोळे मिटले आणि जरासा नाकातून, शेवटचं अक्षर लांबवून म्हणालो, "ठेऽव."

आत क्षणभर काहीच झालं नाही. मग भांडं पुन्हा वाजलं, नळ सुटला, आणि वहिनींचा रडवेला, हसरा, मोकळा झालेला आवाज आला.

"मग पहिल्याच हाकेला बोलायला काय होतं तुम्हाला?"

सावकाशनं मान खुर्चीला टेकली. माझा हात अजून त्याच्याच हातात होता, आणि तो सोडत नव्हता.